'बघून बघून शिकशील' एवढ्यावर सही करू नका

वाचकाचं पत्र (थोडं संक्षिप्त करून) :

"मी एकतीस वर्षांची आहे. बारावीनंतर लगेच कपड्यांच्या दुकानात बिलिंग काउंटरवर लागले, ती आजतागायत तिथेच. आता एका मोठ्या हॉस्पिटलच्या फार्मसीत टेक्निशियनच्या शिकाऊ उमेदवारीसाठी माझं नाव आलं आहे. दोन वर्षं काम करत शिकायचं. पगार आत्तापेक्षा कमी. भेटायला गेले तेव्हा तिथल्या सिनियर बाई म्हणाल्या, 'घाबरू नकोस, बघून बघून शिकशील.' घरी कुणाला पटत नाही. सासरे म्हणतात, या वयात शिकाऊ म्हणजे खोकी उचलायला ठेवतील. दीर म्हणतात, त्यापेक्षा तीन महिन्यांचा ऑनलाइन कोर्स कर, सर्टिफिकेट हातात येईल. माझी भीती निराळीच आहे. गणित कच्चं आहे. आणि माझ्या हातून कुणाला चुकीची गोळी गेली तर? हो म्हणू का?"

उत्तर :

हो म्हणा. पण त्याआधी सिनियर बाईंना एक गोष्ट विचारा : मी बघायचं ते कुणाचं, आणि मी करते ते बरोबर आहे का हे कोण बघणार? त्या चांगल्या मनाने बोलल्या असतील, तुमचा धीर वाढावा म्हणून. तरी हे काम नुसतं बघून येत नाही. बघून फार तर हात चालायला लागतो. तो कुठे थांबवायचा हे मात्र कुणीतरी शेजारी उभं राहून शिकवावं लागतं. तुम्हाला ज्या गोष्टीची सगळ्यात जास्त भीती वाटते तिचं उत्तर त्या थांबण्यातच आहे, म्हणून मी या पत्रात त्यावरच जास्त बोलणार आहे.

आधी सासऱ्यांचं. शिकाऊ म्हणून औषधांच्या कामात शिरणं यात कमीपणा कसला? हा सगळा धंदा उभाच शिकाऊ उमेदवारांवर राहिला. ऑक्सिजन शोधणाऱ्यांपैकी एक, स्वीडनचा कार्ल शेले, चौदाव्या वर्षी एका औषधविक्रेत्याकडे उमेदवारीला लागला आणि रसायनशास्त्र तिथल्याच बाटल्यांमध्ये शिकला. इंग्लंडमध्ये १८१५ च्या कायद्याने अपोथेकरीचा, म्हणजे औषधं बनवून देणाऱ्याचा, परवाना हवा असणाऱ्याला पाच वर्षांची उमेदवारी सक्तीची केली होती. राहता राहिलं वय. दुकानात वर्षानुवर्षं गिऱ्हाइकाच्या तोंडाशी उभं राहिलेल्या माणसाला जे येतं ते अठरा वर्षांच्या मुलाला शिकवायला मला बराच वेळ लागतो.

खोक्यांबद्दल मात्र सासरे अर्धे बरोबर आहेत. खोकी उचलावी लागतील. आलेला माल उतरवून घेणं हे सुरुवातीचं काम असतं आणि ते हलकं समजू नका. थंड पेटी आली की बाकी सगळं बाजूला ठेवून ती आधी उघडायची, कारण इन्सुलिन, बहुतेक लसी, काही डोळ्यांचे थेंब २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच राहायला हवेत. आणि फ्रीजमध्ये मागच्या भिंतीला टेकवून ठेवलेलं इन्सुलिन गोठलं तर वितळल्यावर दिसायला पूर्वीसारखं दिसू शकतं, पण ते टाकूनच द्यायचं असतं. मग चलनाशी नाव, ताकद (किती मिलिग्रॅमचं ते), बॅच नंबर, एक्सपायरी ताडून बघायची. नवा माल मागे, आधी संपणारा पुढे. पहिले काही आठवडे तुम्ही हे करत असाल तर उत्तम, कपाटं पाठ होतील, औषधांची नावं तोंडात बसतील. पण तीन-चार महिन्यांनंतरही खोकीच असतील आणि प्रिस्क्रिप्शनला हात लावू दिला जात नसेल, तर सासऱ्यांचं खरं ठरलं असं समजा आणि जिथे तक्रार करायची तिथे करा. कुठे, ते पुढे सांगते.

आता काम काय असतं ते एका चिठ्ठीच्या मागे जाऊन बघू. चिठ्ठी येते. फार्मासिस्ट ती वाचून ठरवतात की हे औषध, या डोसमध्ये, या रुग्णाला देणं योग्य आहे का. हा निर्णय त्यांचा. तो तुमच्याकडे कधीच येणार नाही, यायलाही नको. त्यानंतर तुमचं सुरू होतं. कॉम्प्युटरवर लेबल काढायचं, कपाटातून औषध घ्यायचं, मोजायचं किंवा मापायचं, लेबल लावायचं, सगळं एका टोपलीत ठेवून तपासणीला द्यायचं. शेवटची तपासणी दुसऱ्या माणसाने करायची असते. काही देशांत अनुभवी टेक्निशियन जादा प्रशिक्षण घेऊन ही तपासणीसुद्धा करतात.

ऐकायला हे सोपं आहे. पण कपाटासमोर उभ्या राहा. रक्तदाबाची गोळी हवी आहे, ५ मिलिग्रॅम. समोर त्याच कंपनीची दोन खोकी शेजारी शेजारी आहेत, तोच निळा पट्टा, तेच अक्षर, एका कोपऱ्यात ५ आणि दुसऱ्यावर १०. तुम्ही सकाळपासून १० चंच खोकं काढत आला आहात. हात आपोआप तिकडेच जातो. म्हणून नाव आणि ताकद तीनदा वाचायची सवय लावतात : कपाटातून काढताना, मोजताना, आणि खोकं परत ठेवताना. तिसऱ्यांदा वाचायचा कंटाळा येतो आणि नेमकी चूक तिसऱ्या वेळीच सापडते.

त्याहून महत्त्वाची एक गोष्ट नवीन माणसाला कुणी सांगत नाही. औषध काढताना ताडायचं ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशी, आपण काढलेल्या लेबलशी नाही. लेबल टाइप करताना तुम्हीच चुकला असाल तर त्या चुकीच्या लेबलला तंतोतंत जुळणारं चुकीचं औषध तुम्ही अगदी काळजीपूर्वक काढाल. आणि सगळं जुळलंय म्हणून निर्धास्त व्हाल. पहिल्या आठवड्यात तुम्हाला लेबल बघून औषध काढायला सांगितलं, तर नम्रपणे विचारा की चिठ्ठी सोबत ठेवू का. या प्रश्नावर समोरचा माणूस खूश झाला की कपाळाला आठी पडली, यावरून तुम्हाला त्या फार्मसीबद्दल बरंच कळेल.

तुमच्या जुन्या नोकरीतलं एक कौशल्य इथे अडचण करणार आहे. बिलिंग काउंटरवर वेग हा गुण असतो. रांग लांब झाली की हात भरभर चालवायचे, बोलता बोलता स्कॅन करायचं, एका गिऱ्हाइकाचे सुटे पैसे देताना दुसऱ्याच्या पिशवीत माल भरायचा. हे सगळं तुमच्या अंगात मुरलेलं असणार. फार्मसीच्या काउंटरवर ते मुद्दाम विसरावं लागेल. रांगेतला माणूस चिडेल, 'चार गोळ्या द्यायला किती वेळ' म्हणेल. म्हणू दे. मोजणीच्या ट्रेवर पाच-पाचच्या लहान ढिगांनी गोळ्या पलीकडे सरकवताना कुणी हाक मारली, फोन वाजला, तर मोजलेल्या गोळ्या परत ढकलायच्या आणि पहिल्यापासून सुरू करायचं. 'पस्तीस झाल्या होत्या बहुतेक' यातलं ते बहुतेक या कामात चालत नाही. चिडलेल्या माणसाशी शांतपणे बोलायचं हे मात्र तुम्हाला आधीच येतं, आणि तिथल्या निम्म्या लोकांना येत नसतं. ते तेवढं घेऊन जा.

आता तुमची खरी भीती. ती मी उडवून लावणार नाही, कारण ती खोटी नाही.

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात २००६ मध्ये एका दोन वर्षांच्या मुलीला केमोथेरपीचं जे सलाइन लावलं गेलं, त्यात मिठाचं प्रमाण नेहमीच्या ०.९ टक्क्यांऐवजी २० टक्क्यांहून जास्त होतं. ती पिशवी एका टेक्निशियनने बनवली होती, फार्मासिस्टने तपासून पुढे पाठवली होती. मूल दगावलं. फार्मासिस्टचा परवाना गेला आणि त्याला तुरुंगात जावं लागलं. त्या दिवशी कॉम्प्युटर यंत्रणा बंद पडली होती, काम तुंबलं होतं, घाई चालू होती. आणि मुळात त्या राज्यात तेव्हा टेक्निशियनला ठरावीक प्रशिक्षण घेतलंच पाहिजे असा नियमच नव्हता. त्या मुलीच्या नावाने तिथे २००९ मध्ये कायदा झाला, तेव्हा कुठे प्रशिक्षण आणि परीक्षा यांची सक्ती आली.

हे मी तुम्हाला पळवून लावायला सांगत नाही. घरी कुणी म्हणालं ना की गोळ्या मोजायला कसली दोन वर्षं लागतात, तर त्यांना हे सांगा. आणि तुम्ही स्वतः यातून एवढं घ्या की अशी चूक एकट्या माणसाची नसते. एकाने बनवलं, दुसऱ्याने बघितलं, तरी निसटलं; कारण दोघांनाही थांबायला फुरसत नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेने औषधांच्या चुकांवर २०१७ मध्ये जागतिक मोहीम काढली तेव्हा या चुकांपायी जगाला वर्षाला सुमारे ४२ अब्ज डॉलरचा भुर्दंड पडतो असा अंदाज दिला होता. तिचा रोखही 'कामगाराला दोष द्या' असा नव्हता. काम ज्या पद्धतीने मांडलंय ती सुधारा, असा होता.

म्हणून तुम्ही त्या फार्मसीत परत जाल तेव्हा एक वही मागून बघा. निसटत्या चुकांची वही. औषध रुग्णाच्या हातात जाण्याआधी तपासणीत जी चूक पकडली गेली, ती त्यात लिहायची असते : काय चुकलं, का चुकलं. कुणाचं चुकलं हे तिथे गौण. चांगल्या फार्मसीत या वहीची पानं भरत असतात आणि महिन्यातून एकदा सगळे बसून त्यावर बोलतात. ज्या फार्मसीत ती कोरी आहे तिथे चुका होत नाहीत असं अजिबात समजू नका. तिथे त्या लिहीत नाहीत, किंवा लिहायला लोक घाबरतात. तुमच्यासारख्या मुळातच घाबरणाऱ्या माणसाने अशा ठिकाणी शिकू नये, कारण तिथे तुम्ही चूक लपवायला शिकाल.

आणि माझं एक मत सांगून टाकते : मला घाबरणारी शिकाऊ माणसं आवडतात. हाताखाली आलेल्यांमध्ये ज्यांना पहिल्याच महिन्यात 'जमतंय हो' वाटायला लागायचं, त्यांच्या टोपल्या मी दोनदा तपासायची. 'मला खात्री नाही, जरा बघता का' हे वाक्य ज्याच्या तोंडून सहज निघतं त्याच्यासोबत काम करताना रात्री झोप लागते. एक उदाहरण डोक्यात ठेवा. मेथोट्रेक्सेट नावाची गोळी सांधेदुखीच्या एका आजारात आठवड्यातून एकदा घ्यायची असते. ती चुकून रोज घेतली गेली तर माणूस मरू शकतो, आणि असे मृत्यू झालेले आहेत. चिठ्ठीवर 'रोज एक' दिसलं तर डोस योग्य की अयोग्य हे ठरवणं तुमचं काम नाही. पण टोपली हातात धरून फार्मासिस्टकडे जाणं हे तुमचंच काम आहे. दहातल्या नऊ वेळा ते म्हणतील, ठीक आहे, मी बघितलंय. तोंड पाडायचं नाही. दहाव्या वेळेसाठीच तुम्ही तिथे आहात.

गणिताचं एवढं घेऊन बसू नका. यात बीजगणित नाही, त्रैराशिक आहे. सहावी-सातवीचं. करून बघू या. सिरपच्या बाटलीवर लिहिलंय : ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम. मुलाला द्यायचे आहेत १०० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, सात दिवस. १०० भागिले १२५, गुणिले ५ : एका वेळचे ४ मिलिलिटर. दिवसाचे १२, सात दिवसांचे ८४. म्हणजे ६० मिलिलिटरची एक बाटली पुरणार नाही, दोन लागतील. आता समजा घाईत तुम्ही भागाकार उलटा केला, १२५ भागिले १००, गुणिले ५, तर उत्तर येईल ६.२५. इथेच थांबून स्वतःला विचारायचं : ५ मिलिलिटरमध्ये १२५ आहेत, मला त्याहून कमी हवेत, मग उत्तर ५ पेक्षा जास्त कसं? ज्याला हा प्रश्न पडतो त्याचं गणित या कामापुरतं चांगलं आहे. आकडेमोड कॅल्क्युलेटर करतो; उत्तर खुळचट आहे हे त्याला कळत नाही.

बाकी तीनच गोष्टी घोटून घ्या. एक टक्का म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये १ ग्रॅम, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम. एक मिलिग्रॅम म्हणजे १००० मायक्रोग्रॅम. थायरॉइडच्या गोळ्या मायक्रोग्रॅममध्ये असतात, तिथे हा हजाराचा फरक ध्यानात ठेवावाच लागतो. आणि दशांश चिन्ह : अर्धा लिहायचा तर ०.५, नुसतं .५ कधीच नाही, कारण टिंब पुसट झालं की ते ५ होतं. उलट पूर्ण पाच असेल तर ५.० लिहायचं नाही, ते ५० वाचलं जातं. शून्य कुठे हवं आणि कुठे नको एवढ्यावर दहापट डोस टळतो. रोज रात्री अशी पाच-सहा गणितं सोडवा, दोन महिन्यांत भीती जाईल. एखाद्या दिवशी नाही झालं तर नाही झालं.

नावांचाही सराव लागेल. हायड्रॅलाझिन रक्तदाबावर आणि हायड्रॉक्सिझिन खाजेवर, आणि कपाटात दोन्ही जवळजवळ. इंग्रजी लेबलांवर अशा जोड्यांमधली फरकाची अक्षरं मुद्दाम मोठी छापायची पद्धत आहे, ती याचसाठी. तुम्ही स्वतःची वही करा; ज्या दोन नावांत तुमचा गोंधळ उडतो ती शेजारी शेजारी लिहा. दुसऱ्याने केलेली यादी पाठ करून उपयोग होत नाही, प्रत्येकाचा गोंधळ वेगळा असतो.

आता सही करण्यापूर्वी काय विचारायचं ते. तुम्ही कुठून लिहिताय हे पत्रात नाही, आणि नियम देशागणिक बदलतात, म्हणून हे आधी : दोन वर्षं संपल्यावर माझं नाव कुठल्या नोंदवहीत लागेल, आणि ही उमेदवारी त्या नोंदणीसाठी मान्य आहे का? इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्समध्ये 'फार्मसी टेक्निशियन' हे नाव लावायलाच नोंदणी लागते, २०११ पासून ती सक्तीची आहे, आणि उमेदवारी हा तिथला सरळ मार्ग आहे. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा नियम वेगळा. बऱ्याच ठिकाणी राष्ट्रीय प्रमाणपत्र परीक्षा चालते. भारतात मात्र चित्र वेगळं आहे. तिथे १९४८ च्या फार्मसी कायद्याखाली नोंदणी होते ती फार्मासिस्टची. त्यासाठी किमान दोन वर्षांचा डी. फार्म., म्हणजे फार्मसीचा डिप्लोमा, आणि वर ५०० तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण लागतं. नुसतं दुकानात किंवा हॉस्पिटलात काम शिकून तिथे ती नोंदणी मिळत नाही. तुम्ही भारतात असाल तर हे आधी पक्कं करा, नाहीतर दोन वर्षांनी हातात अनुभव असेल आणि कागद नसेल.

मग करारात बघा. शिकवणाऱ्या माणसाचं नाव आहे का? 'सगळे मिळून शिकवतील' म्हणजे कुणीच शिकवणार नाही. अभ्यासाचे तास कामाच्या वेळेत धरलेत का, की ते घरी जाऊन, जेवणं उरकून, रात्री अकराला करायचे? लेखी असेल तरच धरा; कारण रजेवर कुणी गेलं की पहिला बळी तुमच्या अभ्यासाच्या तासाचा जातो, आणि तेव्हा दाखवायला कागद हवा. बाहेरून कुणी मूल्यमापनाला येणार आहे का, किती महिन्यांनी? वर मी म्हटलं ना, खोकीच उचलत राहिलात तर तक्रार करा. ती या माणसाकडे, किंवा तुमचा वर्ग जी संस्था घेते तिच्याकडे. सिनियर बाईंशी भांडून काही होत नाही, त्या स्वतःच दोन माणसांचं काम करत असतील.

नोंदींची फाइल तुम्हालाच ठेवावी लागेल : काय केलं, कुणाच्या देखरेखीखाली, त्यातून काय कळलं. यात बहुतेक जण एकच घोळ घालतात, शेवटच्या दोन महिन्यांत मागचं सगळं आठवून लिहायला बसतात. ज्या दिवशी केलं त्या दिवशी चार ओळी लिहा आणि सही घ्या. रुग्णाचं नाव मात्र त्यात कुठेही नको. नावाचं निघालंच आहे म्हणून सांगते : तिथे तुम्हाला ओळखीच्या माणसांची औषधं दिसतील. एचआयव्हीची, मानसिक आजाराची, गर्भपाताची. ते घरी बोलायचं नाही, नवऱ्याशीसुद्धा नाही. आणि महिन्याभरात नातेवाईक विचारायला लागतील, 'अगं, ही गोळी त्या गोळीसोबत चालते का?' उत्तर एकच : 'फार्मासिस्टना विचारते.' फुशारकी मारून एकदा उत्तर दिलंत की पुढे सुटका नाही.

नशा येणारी वेदनाशामकं, मॉर्फिनसारखी, यांचं कपाट कुलपात असतं आणि वेगळी नोंदवही असते. प्रत्येक वेळी शिल्लक मोजून लिहायची आणि बहुतेक ठिकाणी दोघांनी सही करायची. तिथे एक गोळी जरी कमी भरली तर त्याच मिनिटाला सांगायचं. 'उद्या सापडेल' म्हणून थांबलेल्या माणसावर मग नको तो संशय येतो.

शरीराचं : दिवसभर उभं राहण्याची तुम्हाला सवय आहे, तो प्रश्न नाही. पण कॅन्सरची औषधं हाताळताना हातमोजे आणि वेगळा ट्रे लागतो, आणि गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर ते आधी सांगून त्या कामातून बाजूला होता येतं. लाजून गप्प बसू नका.

पगाराचं मी काही सांगू शकत नाही. दोन वर्षं कमी पैशात घर कसं चालेल हा हिशोब तुम्ही दोघांनी मांडायचा, आणि तो नाही बसला तर या वर्षी नको म्हणण्यातही काही गैर नाही. फक्त पुढचं चित्र नीट समजून घ्या. दोन वर्षांनी तुम्ही फार्मासिस्ट होणार नाही; त्याला वेगळं शिक्षण लागतं आणि टेक्निशियनचा अनुभव धरून ते आपोआप मिळत नाही. टेक्निशियन म्हणून मात्र पुढे वाटा आहेत : वॉर्डात जाऊन रुग्णांच्या चालू औषधांची यादी करणं, निर्जंतुक खोलीत इंजेक्शनं बनवणं, खरेदी सांभाळणं, शेवटची तपासणी करणं. मला विचाराल तर वॉर्डातलं काम तुम्हाला आवडेल. तिथे माणसांशी बोलावं लागतं.

राहिले दीर. त्यांना सांगा की ऑनलाइन कोर्सला माझा विरोध नाही, नावं आणि गणितं शिकायला तो बरा आहे. पण पातळ औषध मापताना बाटली डोळ्यांच्या रेषेत धरून मधली खोलगट कड वाचायची असते, वरची नाही. कोरड्या पावडरचं सिरप बनवताना पाणी दोन वेळा मिळून घालायचं आणि मध्ये हलवायचं, एकदम ओतलं तर तळाशी गोळा बसतो. हे पडद्यावर बघून कळतं, पण जमत नाही. त्या सर्टिफिकेटवर नोंदणी होते का हे कोर्सवाल्यांना न विचारता नोंदणी करणाऱ्या संस्थेला विचारा. फी अजून भरली नसेल तर त्यांचं उत्तर लेखी येईपर्यंत भरू नका.